इब्राहिमच्या ट्रेलरवरची काठी

दुबईला जाऊन आलो म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, ती उंच बिल्डिंग पाहिलीत का? पाहिली. मान दुखेपर्यंत पाहिली. पण मला विचाराल तर त्या देशात मी पाहिलेली सगळ्यांत महत्त्वाची उभी वस्तू जेमतेम चार फुटांची होती, आणि ती मी स्वतः चुकीची बसवली होती.

मी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होतो. गुहागर तालुक्यातला कुठला खांब कुठल्या वळणावर आहे हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. मुलगी मनीषा नवऱ्याबरोबर अबुधाबीला असते. तिने तिकीट पाठवलं म्हणून जानेवारीत महिनाभर गेलो. पहिले दहा दिवस मॉल, कारंजं, पुन्हा मॉल असे गेले. मॉलमध्ये माणूस दमत का नाही, हे मला कळलेलं नाही. नात ईरा सात वर्षांची. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं झकास चालायचं.

अकराव्या दिवशी इब्राहिमचा फोन आला. इब्राहिम म्हणजे माझा शाळेतला मित्र, आमच्या शेजारच्या मोहल्ल्यातला. सव्वीस वर्षं अमिरातीत ट्रेलर चालवतो. त्याची साठी झाली, व्हिसा आता वाढणार नव्हता, महिन्याअखेर तो कायमचा परत यायचा होता. म्हणाला, "सदा, आला आहेस तर चार दिवस इकडे ये. तुझ्या हातचं एक काम आहे."

ईराला सांगितलं की मी ट्रकवाल्या मित्राकडे चाललोय. तिने विचारलं, "आजोबा, आर यू गोइंग टु ड्राइव्ह द ट्रक?" मी म्हटलं, बघू.

उम्म अल कुवैन, रविवार

मनीषाने गाडीने सोडलं. दुबई मागे पडली, शारजाची गर्दी मागे पडली, आणि मग इमारती हळूहळू बसक्या होत गेल्या. उम्म अल कुवैनला खाडी दिसली. उथळ, हिरवट पाणी, कडेने तिवरांची झाडी, ओहोटीला उघडा पडलेला चिखल. वाससुद्धा तोच. माडांच्या जागी खजुरी होत्या एवढाच फरक. इतक्या लांब येऊन मी आपल्याच खाडीवर उतरलो असं वाटलं आणि उगीच बरं वाटलं.

इब्राहिम एका जुन्या घरातल्या खोलीत राहतो. खोलीत तीन खाटा. एक त्याची, एक वाहिदखानची. वाहिदखान पेशावरकडचा, त्याच कंपनीत ड्रायव्हर, सहा फूट उंच आणि बोलायला अगदी मऊ. तिसरा सुट्टीवर गावी गेला होता, त्याची खाट मला मिळाली.

दुपारी इब्राहिमने शेरी मासा केला, मी नेलेली आमसुलं घालून. वाहिदने कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून पाटाएवढ्या रोट्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. जमिनीवर प्लास्टिक पसरलं, मधोमध एकच मोठं ताट. आमच्याकडे ज्याचं त्याचं ताट वेगळं. त्यामुळे मी ताटात मनातल्या मनात एक रेघ आखली आणि आपल्या बाजूचंच खात बसलो. वाहिद माशाचा मधला तुकडा बोटाने हळूच माझ्या रेघेच्या आत सरकवत होता. मी ती रेघ पुसून टाकली.

जेवल्यावर इब्राहिमने खाटेखालून कापडी पिशवी काढली. आत सीबी रेडिओ. पाटीच्या अर्ध्या आकाराचा डबा, गुंडाळीच्या वायरीला लटकलेला माइक. या रेडिओवरून ड्रायव्हर आपापसात बोलतात. फोन एकाला लागतो, आणि वाळवंटात कधी लागतही नाही. यावर एक बोलला की रांगेतले सगळे ऐकतात. त्यांच्या कंपनीचे अवजड माल नेणारे ट्रेलर तीन-तीनच्या रांगेत जातात, आणि सगळ्यांत पुढचा जो असतो तो पुढचा रस्ता बघून मागच्यांना सांगत जातो. त्याला सगळे 'आगेवाला' म्हणतात. इब्राहिम अठरा वर्षं आगेवाला होता.

अडचण अशी की दोन महिन्यांपूर्वी त्याचा जुना ट्रेलर मोडीत गेला. नव्यावर अँटेना बसलेला नव्हता. कंपनीचा इलेक्ट्रिशियन सुट्टीवर गेलेला. आणि गुरुवारी एक भलीमोठी पोलादी टाकी तीन तुकड्यांत अबुधाबीकडे जायची होती. इब्राहिमची ती शेवटची खेप. सुपरवायझर विल्सन केरळचा, कामाला पक्का. त्याने सांगून टाकलं होतं की बुधवारी संध्याकाळपर्यंत रेडिओ बोलता झाला तर इब्राहिम पुढे, नाही तर वाहिद पुढे आणि इब्राहिम तिसरा.

"सव्वीस वर्षं काढली सदा," इब्राहिम म्हणाला. "शेवटच्या दिवशी दुसऱ्याची धूळ खात जायला लावू नको."

मी म्हटलं, मी आहे ना. इतक्या लवकर 'मी आहे ना' म्हणू नये, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

ट्रेलरचं यार्ड, सोमवार

सकाळी यार्डात गेलो. पांढराशुभ्र ट्रेलर, इतका स्वच्छ की हात लावायला संकोच वाटावा. सव्वीस वर्षांत इब्राहिमच्या हातून गाडीला ओरखडा पडलेला नाही. कंपनीत गाडी परत करताना कागदावर ओरखडे लिहितात, आणि याच्या कागदावर तो रकाना कायम कोरा. हे त्याने मला दोनदा सांगितलं, वाहिदने एकदा.

मी आपल्या सवयीने उजव्या दारातून वर चढलो आणि स्टीअरिंग शोधत बसलो. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. खाली वाहिद हसू दाबत उभा होता.

अँटेना म्हणजे पांढऱ्या फायबरची बारीक काठी, आत तार. ती आरशाच्या दांड्यावर क्लॅम्पने आवळायची, टोक केबिनच्या छपराच्या वर राहील अशी, आणि तिची केबल दाराच्या फटीतून, चेंगरणार नाही अशी आत रेडिओपर्यंत न्यायची. काम अर्ध्या तासाचं. पण मी खात्याचा माणूस, शिवाय कोकणातला. क्लॅम्पचा पोलादी दात सरळ रंगावर बसणार, रंग फुटणार, मग खारी हवा आत शिरणार. आमच्याकडे उघडं लोखंड म्हणजे उघडी जखम. गेटाची कडी असो की विहिरीचा रहाट, बोल्टखाली रबर आणि वरून ऑइलपेंट हा आमचा धर्मच. त्यात चौतीस वर्षं मी पगार घेतला तो कशाचा? तार लोखंडाला टेकू नये याचा. म्हणून खांबावर चिनीमातीची भांडी बसवायची, तार त्यावरून न्यायची.

तेव्हा मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली. ती आरशाच्या दांड्याला तीन वेढे गुंडाळली, वर क्लॅम्प आवळला. बोल्टखाली रबराच्या चकत्या घातल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढऱ्या पेंटची डबी आणून सांधे रंगवले. इब्राहिम शेजारी उभा राहून माना डोलवत होता. म्हणाला, याला म्हणतात काम. आणि मलाही तसंच वाटलं.

रेडिओ लावला. दिवा लागला, खरखर आली. वाहिद आपल्या ट्रेलरमध्ये जाऊन बसला. दहा पावलांवर होता तोवर इब्राहिमचा आवाज पोचला. यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि सगळं गप्प. केबल काढून पुन्हा लावली. पिना तपासल्या. फ्यूज बदलला. रेडिओ हाताला गरम लागायला लागला, पण आवाज यार्डाचं फाटक काही ओलांडेना.

दुपारी विल्सन आला, वर काठीकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं. "परसों शाम तक. बस," एवढंच म्हणाला. मला शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं झालं. रात्री इब्राहिमने विषयच काढला नाही, आणि ते जास्त लागलं.

अल क्वोज, मंगळवार

अल क्वोजला नझीर उस्ताद म्हणून एक म्हातारा रेडिओवाला बसतो, असं वाहिदने सांगितलं. ट्रेलरचं नुसतं पुढचं हेड घेऊन निघालो. शहराच्या रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळ ट्रकला बंदी, म्हणून मधल्या वेळेत. केबिनमध्ये उंचावर बसून मी दुबई पुन्हा पाहिली, आणि ती मॉलमधल्यापेक्षा बरी दिसली.

अल क्वोजला कोणी पर्यटक म्हणून जात नाही, पण जावं. पत्र्याची गोदामं, टायर, वेल्डिंगच्या ठिणग्या, दोरीवर वाळणारे एकसारखे निळे डांगरी गणवेश, आणि त्यांच्याखाली मोबाइलवर गावी बोलणारे लोक. एक जण चक्क साताऱ्याकडच्या हेलात बायकोला सांगत होता की म्हशीला डॉक्टर दाखव. मी थबकलो. इब्राहिम म्हणाला, चल, इथे अशी रोजच भेटतील.

उस्तादांचं दुकान दोन खाटांएवढं. पांढरी दाढी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी आधी आम्हाला करक, म्हणजे घट्ट दुधाचा कडक चहा पाजला. आमच्याकडे आधी दुखणं सांगायचं आणि मग चहा. इथे चहा संपेपर्यंत दुखण्याचं नाव काढायचं नाही. मग त्यांनी रेडिओ आणि केबलच्या मध्ये एक छोटा मीटर जोडला आणि इब्राहिमला माइक दाबायला सांगितलं. काटा थेट लाल रेघेच्या पार जाऊन आपटला.

"बंद करो, बंद करो. रेडिओ जल जाएगा," उस्ताद म्हणाले. बाहेर जाऊन त्यांनी आरशाच्या दांड्यावरून बोट फिरवलं, नख रुतवलं, आणि वळून विचारलं, "ये रबर किसने लगाया?"

माझं तोंड उघडायच्या आत इब्राहिम म्हणाला, "मैंने."

सहज म्हणाला. जणू खरंच त्यानेच लावलं होतं. शाळेत एकदा काच फुटली होती तेव्हाही तो असाच उभा राहिला होता, आणि मी तेव्हा गप्प बसलो होतो. या वेळी गप्प बसवेना. मी म्हटलं, "उस्ताद, मैंने लगाया. पैंतीस साल टेलिफोन का काम किया है, फिर भी मैंने लगाया." खरं म्हणजे चौतीस. घाबरलं की माणूस एक वर्ष वाढवून सांगतो.

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "जनाब, टेलिफोन की तार को लोहे से बचाते हैं. इसको लोहा चाहिए. गाडी का पूरा लोहा इसकी ज़मीन है. आपने इसको रबर की चप्पल पहना के खडा कर दिया."

अर्थिंग म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. हजार ठिकाणी मी खड्डे खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं आहे. पण लोखंड दिसलं की हात आपोआप रबराकडे जातो. डोकं विचार करायच्या आत हाताने काम उरकलेलं असतं. इतकी लाज मला निवृत्तीच्या समारंभात माझं चुकीचं नाव पुकारलं तेव्हाही वाटली नव्हती.

मग उस्तादांनी उपाय सांगितला तो असा. रबर काढायचं, क्लॅम्प बसतो तिथला रंग कानशीने घासून लोखंड उघडं करायचं, आणि आरशाच्या बिजागरीत प्लास्टिक असतं म्हणून क्लॅम्पपासून केबिनच्या लोखंडापर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी जोडायची, तिच्या दुसऱ्या टोकाखालीही रंग नको. म्हणजे दोन जागी रंग खरवडायचा. उस्तादांनी कानस पुढे केली आणि इब्राहिमकडे बघत राहिले, कारण गाडीला न विचारता हात लावायचा नाही हा तिथला रिवाज.

इब्राहिम फडक्याने दार पुसत राहिला, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. सव्वीस वर्षांचा कोरा रकाना आणि शेवटच्या खेपेला पुढे जाणं, यातलं एकच मिळणार होतं. मी म्हटलं, "राहू दे हवं तर. तिसरा गेलास म्हणून काय होतं?" हे मी त्याला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि बोलताक्षणी कळलं की चुकीचं बोललो.

"तिसऱ्याला कोणी विचारत नाही सदा," तो म्हणाला. "पुढच्याला विचारतात, पुढे काय आहे?"

मग त्याने बिस्मिल्ला म्हणून कानस स्वतःच्या हातात घेतली आणि घासायला लागला. रंगाची पांढरी पूड त्याच्या मनगटावर पडत होती. खाली लोखंड चकाकलं. मी दुसरी जागा घासली, जरा जास्तच जोर लावून.

गाडी भिंतीपासून लांब मोकळ्या जागी नेली, दारं लावली, कारण जवळ भिंत असली किंवा दार उघडं असलं की मीटर खोटं सांगतो. उस्तादांनी पहिल्या चॅनेलवर काटा पाहिला, मग चाळिसाव्यावर, काठीच्या टोकाचा स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा पाहिला. चौथ्या खेपेला काटा डाव्या कोपऱ्यात गुपचूप बसला. उस्तादांनी सायकलच्या ट्यूबची ती पट्टी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती खिशात ठेवली.

उम्म अल कुवैन, बुधवार

संध्याकाळी विल्सन आपली पिकअप घेऊन खाडीच्या पलीकडे गेला आणि तिथून बोलला. इब्राहिमने उत्तर दिलं. विल्सन परत येऊन म्हणाला, "आवाज क्लिअर है. इब्राहिम आगे." माल लादलेल्या ट्रेलरमध्ये बाहेरचा माणूस बसवायला मनाई, म्हणून मला त्याने स्वतःच्या पिकअपमध्ये जागा दिली. त्या रात्री आम्ही पुन्हा मासा खाल्ला, एकाच ताटात.

अबुधाबीच्या वाटेवर, गुरुवार

पहाटे निघालो. इब्राहिम, मग वाहिद, मग तिसरा ट्रेलर, शेवटी पिवळा दिवा लावलेली आमची पिकअप. टाकीचे तुकडे इतके मोठे की पुढचा रस्ता मला दिसतच नव्हता. दिसत होतं ते फक्त पोलाद. आणि मधूनमधून डॅशबोर्डवरून इब्राहिमचा आवाज: आगे गोल चक्कर, आहिस्ता. आगे पुल, बीच में रहो. मागून वाहिद 'जी' म्हणायचा, तिसरा 'जी' म्हणायचा.

शहरं टाळणारा बाहेरचा रस्ता. दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, कुंपणाआड उंट. उजाडलं, म्हणजे उजाडेल असं वाटलं, आणि धुकं उतरलं. आमच्या घाटातलं धुकं तुकड्यातुकड्यांनी येतं, हे एकदम आलं. दोन मिनिटांत समोरचं पोलादही गेलं. विल्सनने वेग कमी केला आणि मी पहिल्यांदाच त्याचे हात स्टीअरिंगवर घट्ट आवळलेले पाहिले. तिकडे धुक्यात अवजड गाड्यांनी थांबायचं असतं, पण थांबायचं कुठे? रस्त्यावर थांबलं तर मागून येणारा आदळणार.

खरखर आली, आणि मग इब्राहिमचा आवाज. घरात बसून चहा मागावा इतका शांत.

"आगेवाला बोल रहा हूँ. कोई ब्रेक नहीं मारेगा. मेरी राइट में पेट्रोल पंप की बत्ती दिख रही है. उसके बाजू में कच्ची जगह बडी है. मैं उतर रहा हूँ. वाहिद, मेरी लाल बत्ती देख के आ. यल्ला, चलो, आहिस्ता."

"जी."

"तीन नंबर, तू वाहिद की बत्ती पकड."

"जी."

एकामागून एक तिघे उतरले, शेवटी आम्ही. इंजिनं बंद झाली. पांढऱ्या अंधारात मी बसून होतो. सोमवारचा तो दहा पावलांचा आवाज आठवला. तेवढ्यावरच राहिलो असतो तर हे शब्द धुक्यात कुठे पोचले असते? विल्सन म्हणाला, "ये आदमी जा रहा है. अब आगे कौन?" मग त्याने माइक माझ्या हातात दिला, बोला म्हणाला.

मी बटण दाबून म्हटलं, "इब्राहिम, पुढे काय आहे?"

मग तो मराठीत म्हणाला, "पुढे काही दिसत नाही रे. बस निवांत. ऊन येईल."

ऊन नऊच्या पुढे आलं. दुपारी टाकी पोचली. फाटकातून तिघे आत गेल्यावर इब्राहिमने रेडिओवर नेहमीचं वाक्य म्हटलं, सब पहुँच गए, खलास. वाहिद लगेच 'जी' म्हणाला नाही. जरा थांबून म्हणाला.

गाडी सावलीत लावून इब्राहिमने रेडिओ सोडवला, तो त्याचा स्वतःचा. काठी आणि क्लॅम्प कंपनीचे, ते राहणार होते. विल्सन कागद घेऊन आला, गाडीभोवती फिरला, आरशापाशी थांबला. ओरखड्यांच्या रकान्यावर त्याचं पेन क्षणभर टेकलं. मी घाईघाईने पिशवीतून पेंटची डबी काढली. म्हटलं, दोन मिनिटं द्या, क्लॅम्प सोडवून खालचं लोखंड रंगवून टाकतो, कोणाला कळणारही नाही.

इब्राहिमने माझा हात धरला. "नको. माझ्यानंतर या गाडीत बसेल त्याला ते उघडं लोखंड लागेल." आणि विल्सनला म्हणाला, "लिखो. दो जगह. मैंने किया."

विल्सनने लिहिलं.

पेंटची डबी वाहिदला देऊन आलो, विमानात ती चालत नाही. रबर मात्र खिशातून घरी आलं. महिन्याअखेर इब्राहिम गावी आला, तेव्हा त्याच्या गेटाची कडी मोडलेली होती. मी नवी बसवून दिली, बोल्टखाली तेच रबर घालून. तो बाहेर येऊन उभा राहिला, कडी दोनदा लावून पाहिली, वाकून बोल्टखाली पाहिलं.

"इथे बरोबर आहे," म्हणाला, आणि गेट लावून घेतलं.